मीठ आणि शपथ : सत्तेचा दुरुपयोग आणि लोकसेवकाचे दायित्व

१.

राजकीय सत्तेच्या दुरुपयोगाची चर्चा करताना आपले लक्ष साहजिकच सत्ताधाऱ्याकडे जाते. त्याचा स्वभाव, त्याची महत्त्वाकांक्षा, त्याच्या मनातील संशय यांचे चित्रण इतिहासकार करतात आणि नाटककारही करतात. परंतु सत्तेचा दुरुपयोग एकट्या सत्ताधाऱ्याला कधीच करता येत नाही. त्याच्या इच्छेचा हुकूम व्हावा लागतो, हुकमाचा कागद व्हावा लागतो, त्या कागदावर कोणीतरी सही करावी लागते आणि कोणीतरी तो अमलात आणावा लागतो. म्हणून सत्तेच्या दुरुपयोगाचा प्रश्न हा जितका धन्याचा, तितकाच सेवकाचाही प्रश्न आहे.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीने जुलै १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यावर महाभियोगाची तीन कलमे संमत केली. पहिले न्यायदानात अडथळा आणल्याचे, दुसरे अधिकाराच्या दुरुपयोगाचे आणि तिसरे समितीचे हुकूम न पाळल्याचे. यांपैकी दुसरे कलम २८ विरुद्ध १० मतांनी संमत झाले. त्याची शब्दरचना वाङ्मयाच्या अभ्यासकानेही बारकाईने वाचावी अशी आहे. राष्ट्राध्यक्षांनी ही कृत्ये जातीने तसेच आपल्या हाताखालच्या माणसांकरवी केली, असे तेथे म्हटले आहे. आणि करवसुली खात्याच्या गैरवापराविषयी बोलताना त्यांनी तसा 'प्रयत्न केला' असे क्रियापद योजले आहे. 'हाताखालच्या माणसांकरवी' आणि 'प्रयत्न केला' या दोन शब्दयोजनांत एक संपूर्ण इतिहास दडलेला आहे. काही हातांनी काम केले, म्हणून आरोप उभा राहिला; काही हातांनी ते नाकारले, म्हणून आरोपाचे क्रियापद 'केले' असे न होता 'प्रयत्न केला' असे राहिले.

हुकूम नाकारणाऱ्या या सेवकांच्या निष्ठेला कोणता शब्द लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो प्रथमदर्शनी राज्यशास्त्राचा वाटेल. वस्तुतः तो भाषेचाही आहे. कारण ज्या निष्ठेला भाषेत नाव नसते, ती निष्ठा आचरणात आणणे माणसाला अवघड जाते.

२.

आरंभ शपथेच्या शब्दांपासून करणे योग्य होईल. १७८७ मध्ये सिद्ध झालेल्या अमेरिकन राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचे शब्द घटनाकारांनी स्वतःच लिहून ठेवले आहेत. राष्ट्राध्यक्षाने जतन आणि रक्षण करावयाचे आहे ते राज्यघटनेचे. त्या शपथेत भूमी, ध्वज अथवा राष्ट्र यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. एका लिखित संहितेच्या रक्षणाचा भार तिने राष्ट्राच्या सर्वोच्च अधिकाऱ्यावर टाकला आहे. इतर सर्व अधिकाऱ्यांसाठी सहाव्या कलमात एवढेच म्हटले आहे, की त्यांनीही ही राज्यघटना उचलून धरण्याची शपथ घ्यावी किंवा दृढकथन करावे. या तरतुदीनुसार नव्या काँग्रेसने १७८९ मध्ये शपथेचा कायदा केला आणि तो त्या काँग्रेसचा पहिलाच कायदा होता. पुढे यादवी युद्धाच्या काळात शपथेत भर पडली आणि तिचे शब्द अधिक कठोर झाले; परंतु तिचा विषय बदलला नाही. मुलकी अधिकाऱ्याच्या शपथेत राष्ट्राध्यक्षाची आज्ञा पाळण्याचे वचन तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

या संदर्भात अमेरिकन सैन्यातील भेद उद्बोधक आहे. साध्या शिपायाच्या शपथेत राज्यघटनेच्या रक्षणाबरोबरच राष्ट्राध्यक्षाचे व वरिष्ठांचे हुकूम पाळण्याचे वचन असते. सेनाधिकाऱ्याच्या शपथेत मात्र ते वाक्यच नाही. तो केवळ राज्यघटनेला बांधलेला असतो. जसजसा अधिकार वाढतो, तसतसे आज्ञापालनाचे वचन गळून पडते आणि विवेकाची जबाबदारी वाढते, असा याचा अर्थ घ्यावा लागेल.

आपल्या राज्यघटनेच्या साठाव्या अनुच्छेदातील राष्ट्रपतींची शपथ याच कुळातील आहे. मात्र तीत राज्यघटनेबरोबर कायद्याचाही उल्लेख आहे आणि जनतेच्या सेवेचे व कल्याणाचे वचनही आहे. तिसऱ्या अनुसूचीतील मंत्र्यांची शपथ पाहिली तर तीतही निष्ठा वाहिलेली आहे ती कायद्याने प्रस्थापित झालेल्या संविधानाला. पंतप्रधानाचा तेथे उल्लेख नाही. दोन्ही देशांच्या शपथांतून व्यक्तीचे नाव हेतुपुरस्सर वगळलेले आहे.

३.

परंतु शपथेची भाषा एक आणि जनमानसाची भाषा दुसरी, असा प्रकार येथे संभवतो. मराठीपुरते पाहू. सेवकाच्या निष्ठेसाठी आपल्या भाषेत शब्दांची मुळीच वाण नाही. इमान, एकनिष्ठा, स्वामिनिष्ठा, स्वामिकार्य. आणि या सर्वांहून अधिक खोल रुजलेली प्रतिमा म्हणजे मिठाची. खाल्ल्या मिठाला जागणे ही सेवकाच्या चारित्र्याची परमावधी, आणि नमकहरामी हा त्याच्यावरचा सर्वांत मोठा कलंक. बखरींतील वीरांची थोरवी पुष्कळदा याच मापाने मोजलेली आढळते. यांतील प्रत्येक शब्दाला दुसऱ्या टोकाला एक मनुष्य लागतो, मीठ देणारा धनी लागतो. धनी अन्यायाने वागला तर सेवकाने काय करावे, याचे उत्तर हे शब्द देत नाहीत. उलट 'आम्ही हुकमाचे ताबेदार' या वाक्प्रचाराने उत्तर देण्याची जबाबदारीच टाळता येते.

तथापि मराठी परंपरेत या शब्दकळेच्या पलीकडे जाणारे एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. लोकपरंपरा असे सांगते, की मूळ हुकूम पेशव्यांना धरण्याचा होता आणि 'धरावे' या शब्दातील 'ध'चा 'मा' करून तो मारण्याचा करण्यात आला. ही कथा ऐतिहासिक कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. भाषेने मात्र ती 'ध चा मा करणे' या वाक्प्रचारात कायमची जपून ठेवली आहे. हुकमाच्या कागदात एका अक्षराने केवढा अनर्थ होतो हे त्यातून आपण शिकलो. कागदात मुळात काय लिहिले होते एवढाच प्रश्न ही कथा विचारते. मारण्याचाच हुकूम खरोखर असता तर गारद्यांनी काय करावयास हवे होते, हा प्रश्न तिला पडत नाही.

तो प्रश्न पडला तो न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांना. खुनाचा ठपका रघुनाथरावांवर येतो असे आढळताच, यास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि ते पुणे सोडून गेले, अशी परंपरा आहे. रामशास्त्र्यांनी धन्याचे मीठ खाल्ले होते. परंतु निर्णय देताना त्यांनी धन्याच्या बाहेर असलेल्या शास्त्राचा आधार घेतला. ते शास्त्र आजच्या राज्यघटनेहून सर्वस्वी भिन्न होते, हे खरे. तरीही राज्यकर्त्याहून श्रेष्ठ अशी एक संहिता आहे आणि सेवक तिला बांधलेला आहे, ही कल्पना दोहोंत समान आहे.

४.

रघुनाथरावांच्या त्या प्रकरणानंतर बरोबर दोनशे वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये जे घडले ते याच प्रकाशात पाहावयाचे आहे. १७ जून १९७२ रोजी वॉटरगेट या इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच माणसांना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये निक्सन ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. पण तपासाचे धागे व्हाइट हाउसपर्यंत पोहोचू लागले. एप्रिल १९७३ अखेर त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांना जावे लागले आणि एलियट रिचर्डसन यांचे नाव न्यायखात्याचे प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, म्हणून पुढे आले. सिनेटने त्यांची नेमणूक मान्य करण्यापूर्वी त्यांच्याकडून एक वचन घेतले : या प्रकरणासाठी स्वतंत्र विशेष अभियोक्ता नेमला जाईल आणि अत्यंत गंभीर गैरवर्तनावाचून त्याला दूर केले जाणार नाही. या वचनानुसार हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड कॉक्स यांची नेमणूक झाली आणि ही अट न्यायखात्याच्या नियमांतही घालण्यात आली.

जुलै १९७३ मध्ये व्हाइट हाउसमधील संभाषणे ध्वनिमुद्रित होत असल्याचे उघड झाले. कॉक्स यांनी नऊ ध्वनिफिती मागितल्या. न्यायाधीश जॉन सिरिका यांनी त्या हजर करण्याचा हुकूम दिला आणि १२ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने तो उचलून धरला. निक्सन यांनी फिती देण्याऐवजी त्यांचा सारांश देण्याची तडजोड पुढे केली आणि यापुढे आणखी फिती मागू नयेत असे कॉक्स यांना बजावले. शनिवार, २० ऑक्टोबर रोजी कॉक्स यांनी पत्रकारांसमोर येऊन ती तडजोड नाकारली. त्याच सायंकाळी त्यांना बडतर्फ करण्याचा हुकूम रिचर्डसन यांना मिळाला. त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार देऊन राजीनाम्याचे पत्र पाठविले; व्हाइट हाउसने मात्र त्यांना काढून टाकल्याचे जाहीर केले. मग तिसऱ्या क्रमांकावरील सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी कॉक्स यांच्या बडतर्फीच्या पत्रावर सही केली.

५.

या एका सायंकाळी तीन अधिकाऱ्यांसमोर एकच हुकूम आला, आणि त्या वेळी बोलले गेलेले शब्द आपल्या विवेचनाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. प्रचलित वृत्तान्त असा, की व्हाइट हाउसचे प्रमुख जनरल अलेक्झांडर हेग यांनी रकल्सहाउस यांना दूरध्वनीवर बजावले, हा तुमच्या सरसेनापतीचा हुकूम आहे. येथे शब्दाची निवडच सर्व काही सांगून जाते. अमेरिकन राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष सरसेनापती आहे तो सेनादलांचा. न्यायखात्याचा वकील हा त्याचा शिपाई नव्हे. एका क्षेत्रातील शब्द दुसऱ्या क्षेत्रात आणून बसविला, की कायद्याचा प्रश्न शिस्तीचा प्रश्न होऊन बसतो. येथे अक्षर बदललेले नाही, परंतु अर्थाच्या पातळीवर हा 'ध चा मा'च होय.

दुसरा संवाद रिचर्डसन यांचा. त्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, आपण राष्ट्रहितापेक्षा व्यक्तिगत बांधिलकीला अधिक मानता याचे वाईट वाटते, अशा आशयाचे उद्गार निक्सन यांनी काढले. त्यावर रिचर्डसन यांनी, राष्ट्रहिताविषयीची आपणा दोघांची दृष्टी भिन्न आहे, असे नम्र उत्तर दिले. मध्यपूर्वेत त्या वेळी युद्ध चालू होते, तेव्हा राष्ट्राध्यक्षांचा युक्तिवाद अगदीच निराधार होता असे नाही. परंतु सिनेटला दिलेले वचन 'व्यक्तिगत' कसे? ते तर राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेसमोर, पदाची अट म्हणून दिलेले होते. मिठाच्या भाषेत विचार करणाऱ्याला धन्याबाहेरचे प्रत्येक बंधन व्यक्तिगत वाटते. शपथेच्या भाषेत तेच बंधन सार्वजनिक असते.

बोर्क यांचा पक्षही न्यायबुद्धीने पाहिला पाहिजे. त्यांनी सिनेटला तसे वचन दिलेले नव्हते. सगळ्यांनीच पदे सोडली तर न्यायखाते निर्नायक होईल, अशी भीती होती, आणि बोर्क यांनी राहावे असे स्वतः रिचर्डसन यांनीही सुचविले होते. म्हणून त्यांना केवळ आज्ञाधारक ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांनी ज्यावर सही केली ते कृत्य कायद्याला धरून होते काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर नोव्हेंबर १९७३ मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश गेरहार्ड गेसेल यांनी दिले : त्या दिवशी नियम अमलात होता, गंभीर गैरवर्तन सिद्ध झालेले नव्हते, आणि म्हणून कॉक्स यांची बडतर्फी बेकायदेशीर होती. सद्हेतू आणि कायदेशीरपणा या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे या निर्णयाने दाखविले.

आपल्या भाषेतील एक विसंगती येथे नमूद करावीशी वाटते. 'राजीनामा' हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ संमतिपत्र असा आहे. राजी असल्याचा लेख. मराठीत तो पद सोडण्याचा लेख झाला. रिचर्डसन आणि रकल्सहाउस यांचे राजीनामे हे खऱ्या अर्थाने नाराजीनामे होते. मात्र मूळ अर्थही सर्वथा अप्रस्तुत नाही, कारण वरिष्ठाला नकार देताना ते आपल्या शपथेशी राजी राहिले होते.

त्या रात्रीनंतर तारांचा आणि पत्रांचा जो वर्षाव काँग्रेसवर झाला, त्याने वातावरण पालटले. तीनच दिवसांत राष्ट्राध्यक्षांच्या वकिलाने फिती न्यायालयाला देण्याचे मान्य केले. लवकरच लिऑन जॅवोर्स्की हे नवे विशेष अभियोक्ता आले. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी फितींबाबत राष्ट्राध्यक्षांच्या विरुद्ध निर्णय दिला. तो लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांची नेमणूक निक्सन यांनीच केलेली होती. ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडले. रामशास्त्र्यांनी पुणे सोडले तेव्हा त्यांचा निर्णय ऐकून घेणारी आणि त्यावर कृती करणारी अशी कोणतीही संस्था नव्हती. पुढे बारभाईंनी सत्ता हाती घेतली तेव्हाच परिस्थिती बदलली. सेवकाचा नकार फलद्रूप होण्यासाठी तो ऐकणारे न्यायालय, विधिमंडळ आणि वृत्तपत्र लागते, हा दोन प्रसंगांतील महत्त्वाचा भेद आहे.

६.

शनिवारच्या त्या प्रसंगाला नाट्य लाभले. परंतु नकाराची अधिक सामान्य रूपे नाट्यहीन असतात. सप्टेंबर १९७२ मध्ये व्हाइट हाउसचे वकील जॉन डीन यांनी करवसुली खात्याचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हाती प्रतिपक्षाच्या कार्यकर्त्यांची आणि देणगीदारांची शेकडो नावे असलेली यादी दिली. त्यांची चौकशी व्हावी अशी अपेक्षा होती. वॉल्टर्स यांनी आपले मंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांचा सल्ला घेतला. काहीही करू नका, असे शुल्ट्झ यांनी सांगितले. यादी मोहरबंद होऊन तिजोरीत गेली आणि पुढल्या वर्षी काँग्रेसच्या समितीसमोर आली. महाभियोगाच्या कलमातील 'प्रयत्न केला' हे क्रियापद या तिजोरीतून आलेले आहे.

याच्या उलट उदाहरण संघराज्याच्या तपाससंस्थेचे हंगामी प्रमुख पॅट्रिक ग्रे यांचे. व्हाइट हाउसकडून हाती आलेली कागदपत्रे त्यांनी जाळून टाकली आणि ते उघड झाल्यावर एप्रिल १९७३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. ग्रे हे दुष्ट होते असे म्हणण्याचे कारण नाही. ते मिठाला जागले, एवढेच. सज्जन मनुष्याचे इमान चुकीच्या ठिकाणी वाहिले गेले म्हणजे काय होते, हे त्यांच्या उदाहरणावरून समजते.

७.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलेला असतो. अधिकारी कोणी निवडलेला नसतो. प्रत्येक अधिकारी राज्यघटनेचा आपापला अर्थ लावून हुकूम नाकारू लागला, तर लोकशाहीच्या जागी नोकरशाहीचे राज्य येणार नाही काय? १९७३ च्या घटनांतूनच या आक्षेपाला उत्तर मिळते, आणि त्यात तीन अटी दिसतात. नकाराला लिखित आधार हवा. रिचर्डसन यांच्यापाशी सिनेटला दिलेले वचन, खात्याचा नियम आणि न्यायालयाचा हुकूम असे तीन आधार होते. नकार उघड हवा. आणि नाकारणाऱ्याने त्याची किंमत स्वतः मोजली पाहिजे. तपाससंस्थेतील मार्क फेल्ट यांनी वृत्तपत्राला गुप्तपणे माहिती पुरविली, हे २००५ मध्ये त्यांनीच जाहीर केले. तिचा उपयोग मोठा झाला, परंतु या तीन अटींवर ते कृत्य निर्विवादपणे उतरत नाही. नकार आणि कारस्थान यांतील सीमारेषा अस्पष्ट ठेवून चालणार नाही.

या प्रश्नाला आज नवी निकड आली आहे. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेत स्वतंत्र अभियोक्त्याची व्यवस्था झाली होती. ती १९९९ मध्ये संपुष्टात आली. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी असा निर्णय दिला, की राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांतील कृत्यांबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला चालविता येत नाही, आणि न्यायखात्याच्या अधिकाऱ्यांशी त्याने केलेली चर्चाही या संपूर्ण संरक्षणात येते. महाभियोगाचा मार्ग खुला आहे. पण तो राजकीय बहुमतावर अवलंबून असतो. हे संरक्षण राष्ट्राध्यक्षाचे आहे. हुकूम पाळणाऱ्या अधिकाऱ्याला ते त्या निर्णयाने दिलेले नाही. राष्ट्राध्यक्षाच्या माफीने त्याला अभय मिळू शकेल, पण माफी ही मेहरबानी आहे, हक्क नव्हे. निक्सन यांना सप्टेंबर १९७४ मध्ये माफी मिळाली. त्यांचे सहकारी मिचेल, हाल्डमन आणि एर्लिकमन यांना १ जानेवारी १९७५ रोजी दोषी ठरविण्यात आले व पुढे त्यांनी तुरुंगवास भोगला. हुकूम देणारा न्यायालयाच्या कक्षेबाहेर जसजसा जातो, तसतसा कायद्याच्या रक्षणाचा भार हुकूम घेणाऱ्यावर येऊन पडतो.

हा भार पेलण्यासाठी शपथेची संहिता पुरेशी नाही. ती संहिता ज्या भाषेत जगली जाते ती भाषाही तयार व्हावी लागते. 'लोकसेवक' हा शब्द आपल्या कायद्याच्या भाषेत रूढ आहे. त्यातील 'लोक' या पदाचा अर्थ पूर्णपणे घेतला, तर मिठाची जुनी प्रतिमाही टाकून देण्याचे कारण नाही. लोकसेवकाच्या ताटातील मीठ कोणा धन्याने दिलेले नसते, ते करदात्या जनतेने दिलेले असते; आणि त्या जनतेने आपली इच्छा राज्यघटनेत लिहून ठेवलेली आहे. त्या मिठाला जागणे म्हणजे त्या लेखाला जागणे. भारतीय भाषांतील निष्ठावाचक शब्दांचा असा तौलनिक अभ्यास अन्य भाषांच्या अभ्यासकांनीही आपापल्या परंपरेतून करावा. प्रत्येक भाषेत मीठ असेल, इमान असेल, आणि एखादा रामशास्त्रीही असेल. त्याच्या नकाराला त्या भाषेने कोणते नाव दिले आहे, हे एकदा एकत्र मांडून पाहिले पाहिजे.